तिरकस पुलाचे चार पंख



पावसाळ्यात एखाद्या नाल्याला पूर आला आणि वाहतूक बंद पडली की आपण सहज म्हणून जातो, "पूल गेला." पण दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर काठावर जाऊन पाहावे, तर पुष्कळदा पूल जागच्या जागी उभा असतो. स्लॅब शाबूत, भिंती शाबूत, कठड्याचा रंगसुद्धा उडालेला नसतो. गेलेला असतो तो पुलाला येऊन मिळणारा रस्ता. भरावाची माती वाहून गेलेली असते आणि पूल बिचारा नाल्यात एखाद्या बेटासारखा एकटा उभा असतो. अलीकडचा माणूस अलीकडे, पलीकडचा पलीकडे!

असे का होते? त्याची कारणे अनेक आहेत. त्यांतल्या एकाच कारणाविषयी मी आज बोलणार आहे. ते कारण दिसायला फार लहान आहे. पुलाच्या चार कोपऱ्यांतून चार भिंती बाहेर फाकलेल्या असतात, त्या कोणत्या दिशेने फाकवल्या, एवढेच ते कारण. पण पूल जर नाल्यावर तिरकस असेल, तर या दिशेवर गावाचा पावसाळा अवलंबून असतो.

आधी नावे समजून घेऊ. पुलाच्या दोन्ही टोकांना, काठालगत, एकेक जाड भिंत असते. तिच्या डोक्यावर पुलाचा स्लॅब टेकतो आणि तिच्या पाठीशी रस्त्याच्या भरावाची माती असते. इंजिनियर लोक तिला 'अॅबटमेंट' म्हणतात, सरकारी मराठीत तिचे नाव 'अंत्यपाद'. आपण आज तिला नुसती काठाची भिंत म्हणू. या भिंतीच्या दोन्ही टोकांपासून ज्या भिंती बाहेर निघतात आणि उतरत उतरत जमिनीला मिळतात, त्या 'विंग वॉल', म्हणजे पंखभिंती. आमचे गवंडी त्यांना नुसते 'विंग' म्हणतात. एका पुलाला काठाच्या भिंती दोन आणि पंख चार.

या पंखांची कामे दोन. पहिले काम मातीचे. रस्त्याचा भराव दोन्ही बगलांना उतरता असतो. तो उतार पुलापाशी आला की त्याची माती नाल्यात ओघळू पाहते. कोंबडी जशी पिलांना पंखाखाली घेते, तशी पंखभिंत या मातीला आपल्या पाठीशी घेते. दुसरे काम पाण्याचे. नाल्याचे पसरट पाणी पुलाच्या अरुंद तोंडात शिरायचे असते. फाकलेले पंख त्याला नरसाळ्यासारखे गोळा करून आत घालतात आणि पलीकडे बाहेर पडताना पुन्हा अलगद पसरू देतात. एका भिंतीला पुढून पाणी सांभाळायचे आणि मागून माती सांभाळायची, असा हा दुहेरी संसार आहे.

आता मी माझीच एक चूक सांगतो. नोकरीची पहिलीच वर्षे होती. एका नाल्यावर लहानसा पूल बांधायचा होता आणि रस्ता नाल्याला तिरका ओलांडत होता. कचेरीत पुलाचा एक ठराविक नकाशा होता. त्यात पंख काठाच्या भिंतीपासून पंचेचाळीस अंशांत फाकलेले होते आणि त्यांची लांबी लिहिलेली होती. तो नकाशा सरळ पुलासाठी काढलेला होता, हे मला दिसत होते. पण मी मनाशी म्हटले, पूल तिरका झाला म्हणून पंखाला काय होते? काठाच्या भिंती तिरक्या आखल्या आणि चारी पंख नकाशाप्रमाणे पंचेचाळीस अंशांत, सारख्याच लांबीचे आखून टाकले. खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बांधल्या, फक्की टाकली.

त्या वेळी शेजारच्या शेतातले एक म्हातारे गृहस्थ बांधावर बसून हे सारे पाहत होते. ते उठून आले आणि एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सायेब, पावसाळ्यात पाणी हितनं लागतंय बगा. तुमची ही भित लईच आखूड वाटतीय."

मी म्हणालो, "आबा, नकाशात तशीच आहे."

आबा म्हणाले, "नकाशा पाण्यानं वाचला म्हंजे झालं." आणि परत जाऊन बांधावर बसले.

पहिला पावसाळा बेताचा झाला. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री नाल्याला मोठा पूर आला आणि आबांनी दाखवलेल्या नेमक्या त्याच कोपऱ्यातून पाणी पंखाच्या टोकाला वळसा घालून मागे शिरले. सकाळपर्यंत भराव गेला. पुलाच्या एका दगडालाही धक्का लागला नव्हता! पण रस्ता पुन्हा जोडायला अडीच आठवडे लागले. तेवढे दिवस पलीकडच्या वाडीची मुले शाळेला आली नाहीत, दूध अलीकडे आले नाही, आणि एका बाळंतिणीला बाजेवर घालून चार माणसांनी कमरेएवढ्या पाण्यातून आणली. ती सुखरूप पोचली, हे माझे नशीब. त्या दिवशी मी पाटी आणि कोनमापक घेऊन बसलो आणि आपले काय चुकले ते शोधून काढले. तेच आता आपल्याला सांगतो.

प्रथम कोणी विचारील, की पूल तिरका बांधायचाच कशाला? प्रश्न रास्त आहे. नाला काटकोनात ओलांडता आला तर तोच पूल सर्वांत आखूड, सर्वांत सोपा आणि स्वस्त. पण रस्त्याला नेहमी तसे वळता येत नाही. पुलाच्या दोन्ही टोकांना आडवळणे ठेवली तर गाड्यांचे अपघात होतात. बरे, रस्त्याऐवजी नाला वळवावा, तर नाला आपली जुनी वाट विसरत नाही. मोठ्या पुरात तो पुन्हा तिकडे धाव घेतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी पूल तिरकाच बांधावा लागतो.

ही अडचण आजची नाही. कालवे आणि रेल्वे आल्या तेव्हापासूनची आहे, कारण कालव्याला आणि आगगाडीला झटकन वळता येत नाही. आयर्लंडमध्ये किल्डेअर कालव्यावर विल्यम चॅपमन या इंजिनियराने १७८७ साली तिरकस कमानीचा पूल बांधला. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेवर रेनहिल येथे जॉर्ज स्टीफन्सनने १८२८-२९ साली जो पूल बांधला, त्यात रस्ता रेल्वेला अवघ्या ३४ अंशांत ओलांडतो. त्या पुलाचे दगड कसे घडवावेत हे कळावे म्हणून आधी शेजारच्या शेतात लाकडी नमुना उभा केला होता. आगगाडीचा एवढा मोठा कारागीर, पण तिरक्या कामाला हात घालण्यापूर्वी नमुना करून पाहिला! आम्ही मात्र नाल्यावरच्या मोरीला ठराविक नकाशा डोळे झाकून लावतो.

आता आपण आपला नमुना करू. शिक्षक मंडळींनी आणि मुलांनी पाटी हातात घ्यावी. पाटीवर मधोमध दोन आडव्या रेघा काढा, तो रस्ता. आता नाला काढा, पण सरळ उभा नव्हे. डावीकडच्या वरच्या बाजूने यावा आणि उजवीकडे खाली जावा असा तिरका. पाणी वरून खाली वाहते आहे. नाल्याच्या दोन काठांवर, रस्त्याच्या रुंदीएवढ्या, दोन तिरक्या रेघा ठळक करा. त्या झाल्या काठाच्या भिंती. समजा नाला सरळ उभ्या रेघेपासून तीस अंश कललेला आहे.

आता डाव्या काठाचे दोन कोपरे नीट पाहा. खालच्या कोपऱ्यात रस्त्याची कड आणि काठाची भिंत यांच्यामध्ये भरावाचा जो कोन आहे तो साठ अंशांचा, म्हणजे लघुकोन. त्याला आपण टोकदार कोपरा म्हणू. वरच्या कोपऱ्यात तोच कोन एकशेवीस अंशांचा, विशालकोन. तो पसरट कोपरा. उजव्या काठावर हेच उलटे आहे. तेथे वरचा कोपरा टोकदार आणि खालचा पसरट. म्हणजे समोरासमोरचे कोपरे सारखे नाहीत. सारखे आहेत ते कर्णाच्या टोकांचे, चारपाईचे पाय तिरके जुळावेत तसे.

आता प्रत्येक कोपऱ्याबाहेर पंखाला फाकायला जागा किती आहे ते पाहू. काठाची भिंत तशीच पुढे वाढवली तर ती पाण्याच्या रेषेत जाईल. ही एक मर्यादा. उलट पंख मागे वळवून रस्त्याच्या कडेला समांतर नेला, तर तो झाला 'रिटर्न'. ही दुसरी मर्यादा. पंख या दोन रेषांच्या मध्ये कोठेतरी असायचा. सरळ पुलाला ही जागा सगळीकडे नव्वद अंशांची असते. तिचे निम्मे पंचेचाळीस. त्या ठराविक नकाशातला पंचेचाळीसचा आकडा मुळात येथून आलेला आहे, तो आकाशातून पडलेला नाही. पण तीस अंश तिरक्या पुलात पसरट कोपऱ्याबाहेर ही जागा फक्त साठ अंशांची उरते आणि टोकदार कोपऱ्याबाहेर ती एकशेवीस अंशांची होते. जागा बदलली, तरी मी आकडा तोच ठेवला!

त्याचा परिणाम हिशेबाने पाहू. समजा पुलापाशी भराव चार मीटर उंच आहे आणि त्याच्या बगलेचा उतार उंचीच्या दीडपट आहे. म्हणजे भरावाचा पायथा रस्त्याच्या कडेपासून सहा मीटर बाहेर पडतो. पंखाचे टोक निदान या पायथ्यापर्यंत पोचलेच पाहिजे, तरच सारी माती त्याच्या पाठीशी राहील. सरळ पुलात पंचेचाळीस अंशांचा पंख सहा मीटर बाहेर जाण्यासाठी सुमारे साडेआठ मीटर लांब लागतो. नकाशात ती लांबी बरोबर होती.

तीच साडेआठ मीटर लांबी मी तिरक्या पुलाला लावली. पसरट कोपऱ्यात साठ अंशांच्या जागेतून पंचेचाळीस गेले, उरले पंधरा. म्हणजे माझा पंख रस्त्याच्या कडेशी जेमतेम पंधरा अंश करून, जवळजवळ रस्त्याला चिकटूनच गेला. साडेआठ मीटर चालून तो बाहेर आला किती, तर सव्वादोन मीटरसुद्धा नाही. पाहिजे होते सहा. त्या कोनात सहा मीटर बाहेर पोचायचे तर पंख तेवीस मीटर लांब बांधावा लागला असता! उलट टोकदार कोपऱ्यातला पंख रस्त्याशी पंचाहत्तर अंश करून सरळ नाल्याच्या शेतात घुसला आणि सव्वाआठ मीटर बाहेर गेला. तेथे सव्वासहा मीटर लांबी पुरली असती. एका पंखाचे दगड वाया गेले आणि दुसऱ्याला कमी पडले.

मग करावे काय? सोपा नियम असा, की पंचेचाळीसचा आकडा विसरायचा आणि 'निम्मे' हा शब्द लक्षात ठेवायचा. काठाच्या भिंतीची वाढवलेली रेषा आणि रस्त्याची कड यांच्यामधला कोन दुभागायचा. शाळेत आपण कोनदुभाजक शिकलो, तोच हा. तीस अंश तिरक्या पुलात टोकदार कोपऱ्यातला पंख दोन्हीकडून साठ अंशांवर येतो आणि त्याची लांबी सुमारे सात मीटर होते. पसरट कोपऱ्यातला पंख दोन्हीकडून तीस अंशांवर येतो आणि त्याची लांबी बारा मीटर होते. दोन्ही मिळून एकोणीस. माझ्या चुकीच्या आखणीत दोन्ही मिळून सतरा होत होते. म्हणजे एका काठाला दोन मीटर भिंत मी वाचवली आणि सारा रस्ता घालवला.

येथे जाणकार विचारतील, की पाण्याला हे कोन मानवतात का? अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाची मोऱ्यांविषयी एक प्रसिद्ध पुस्तिका आहे. तिच्यात चौकोनी मोरीच्या तोंडाशी पाण्याचा जोर किती वाया जातो याचे गुणक दिले आहेत. पंख मोरीच्या बाजूंना समांतर, म्हणजे अजिबात न फाकलेले असतील तर तो गुणक ०.७. दहा ते पंचवीस अंश फाकलेले असतील तर ०.५. आणि तीस ते पंचाहत्तर अंशांच्या दरम्यान असतील तर ०.४. लक्षात घ्या, हे कोन पाण्याच्या वाटेपासून मोजायचे, रस्त्यापासून नव्हे. आपले तीस आणि साठ अंश दोन्ही या शेवटच्या पट्ट्यात बसतात. माती आणि पाणी या दोघांचेही त्यात निभते.

काहीजण दुसरी युक्ती करतात. चारी पंख रस्त्याच्या कडेपासून पंचेचाळीस अंशांत घेतात. त्यात साडेआठ मीटर लांबी चारी ठिकाणी पुरते आणि माती बरोबर राखली जाते. पण पाण्याच्या वाटेपासून मोजले, तर एक पंख पंधरा अंशांवर आणि दुसरा पंचाहत्तर अंशांवर येतो. एका बाजूने पाणी सरळ घासत जाते, दुसऱ्या बाजूला जवळजवळ आडव्या भिंतीवर आपटून भोवरा करते. नाला शांत असेल तर हे चालूनही जाईल. पूल पंचेचाळीस अंश किंवा त्याहून जास्त तिरका असेल, तर मात्र पसरट कोपऱ्यातला दुभाजकावरचा पंख फारच लांबतो. मग तो थोडा पाण्याच्या रेषेकडे वळवून आखूड करतात आणि पुढचा उतार दगडी पिचिंगने बांधून काढतात. म्हणजे निम्म्याचा नियम सुरुवातीचा आहे, शेवटचा नाही. शेवटचा निर्णय जागा पाहून चारी कोपऱ्यांचा वेगवेगळा करायचा.

जागा पाहून म्हणजे काय, तर पाणी कोठून येते ते पाहून. पुन्हा पाटीकडे वळा. नाला पात्रात मावेनासा झाला की पाणी दोन्ही बाजूंच्या शेतांत पसरते. डावीकडच्या शेतातले पाणी नाल्याच्याच कलाने खाली उजवीकडे सरकते, रस्त्याच्या भरावाला येऊन थडकते आणि भरावाच्या कडेकडेने धावत पुलाच्या तोंडाकडे येते. ते येऊन पोचते कोठे? वरच्या पसरट कोपऱ्यात. उजवीकडच्या शेतातले पाणी मात्र पुलापासून दूर सरकते आणि भरावाला टेकून तुंबून राहते. म्हणजे वरच्या अंगाचा पसरट कोपरा हाच सगळ्यांत नाजूक. मी पंख आखूड ठेवला तो नेमका तेथेच, आणि आबांनी बोट दाखवले तेही तेथेच. मी जे पाटीवर शोधले ते त्यांनी बांधावर बसून चाळीस पावसाळे पाहिलेले होते.

आपल्या गावात पूल होणार असेल तर येथेच आपला उपयोग आहे. मोजणीला माणसे येतात ती बहुधा उन्हाळ्यात. तेव्हा नाल्यात एक बारीक धार असते किंवा तीही नसते. ती धार कोठल्याही दिशेने वळत जाते. पुराची वाट वेगळी असते. पूल आखायचा तो पुराच्या वाटेला धरून. पुराचे पाणी कोणत्या झाडापर्यंत चढते, कोणत्या बांधाला पहिल्यांदा फोडते, हे गावातल्या जुन्या माणसांनी आपण होऊन सांगितले पाहिजे. आणि आम्ही इंजिनियरांनी ते ऐकून घेतले पाहिजे.

आखणी तपासायला मोठे यंत्र लागत नाही. चार खुंट्या, एक दोरी आणि एक टेप पुरे. कोपऱ्यापासून काठाच्या भिंतीच्या वाढवलेल्या रेषेवर तीन मीटरवर एक खुंटी ठोका. रस्त्याच्या कडेवर तीन मीटरवर दुसरी ठोका. दोन खुंट्यांमधले अंतर मोजा. ते सुमारे सव्वाचार मीटर भरले तर कोन काटकोन आहे आणि पूल सरळ आहे. तीन मीटर भरले तर कोन साठ अंश. पाच मीटर वीस सेंटिमीटर भरले तर एकशेवीस. आता त्या दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणून तिचा मध्यबिंदू काढा. कोपऱ्यापासून त्या मध्यबिंदूतून जाणारी रेषा हाच कोनदुभाजक, हीच पंखाची दिशा. गवंड्याचा गुण्या येथे कामाचा नाही, कारण गुण्याला फक्त काटकोनच ठाऊक असतो.

आणखी एक फसगतीची जागा सांगून ठेवतो. नकाशावर 'तिरकसपणा तीस अंश' असे लिहिलेले असते. हे तीस अंश कशापासून मोजले, हे विचारून घ्यावे. कोणी ते रस्त्याला काढलेल्या लंबापासून मोजतात, कोणी रस्त्याच्या रेषेपासूनच मोजतात. पहिल्याचे तीस म्हणजे दुसऱ्याचे साठ. लिहिणारा एक आणि वाचणारा दुसरा असला की पूल भलतीकडे तोंड करून उभा राहतो.

दिशा बरोबर साधली तरी काम संपत नाही. पंखाच्या पाठीशी काय भरले जाते, याकडे लक्ष द्यावे. आपल्याकडची काळी माती पिकाला सोने, पण भिंतीच्या पाठीशी वैरी. ती पाणी पिऊन फुगते, भिंतीला पुढे ढकलते आणि उन्हाळ्यात आक्रसून फट पाडते. तेथे चांगला मुरूम पाहिजे आणि तो थराथराने पाणी मारून धुमसाने ठोकलेला पाहिजे. टोकदार कोपऱ्यात पंखाऐवजी रिटर्न बांधली असेल, तर आतली जागा चिंचोळी होते आणि तिथे रूळ पोचत नाही. असा कोपरा हाताने ठोकून घेतला नाही तर पुढे तेथेच रस्ता खचतो. भिंतीला लागून साठ सेंटिमीटर जाडीचा दगडगोट्यांचा थर असावा, बारीक माल मातीकडे आणि जाड माल भिंतीकडे. भिंतीत पाणी झिरपून बाहेर यायला भोके असतात, त्यांना वीप होल म्हणतात. दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळ्या, एकमेकींपासून एक मीटरपेक्षा जास्त दूर नाहीत आणि बाहेरच्या अंगाला वीसास एक उतार, अशी पद्धत आहे. ही भोके पोरे खेळता खेळता दगडांनी बुजवतात. पावसाळ्यापूर्वी एकदा काठी घालून ती मोकळी करावी.

शिक्षक बंधूभगिनींना एक विनंती. हे सारे शाळेच्या अंगणात करून दाखवता येते. ओल्या वाळूचा एक हातभर लांब भराव करा. मध्ये तिरकी खिंड ठेवून दोन्ही बाजूंना विटा लावा. पंख म्हणून जुन्या कौलांचे तुकडे वापरा. एकदा चारी तुकडे विटांपासून सारख्या कोनात लावा, दुसऱ्यांदा कोन दुभागून लावा. वरून झारीने पाणी सोडा आणि त्यावर चिमूटभर लाकडाचा भुसा टाका. भुसा कोठे गरगर फिरतो आणि वाळू कोणत्या कोपऱ्यातून पहिल्यांदा ढासळते, हे मुलांना मोजायला सांगा. कोनदुभाजक कशासाठी शिकायचा, असे मग एकही मूल विचारणार नाही.

श्रोतेहो, त्या पुलाचा वरचा पंख मी पुढच्या उन्हाळ्यात पाडून नव्या दिशेने, पुरेशा लांबीचा बांधून घेतला. दोऱ्या लावल्या त्या दिवशी मी स्वतः आबांच्या घरी जाऊन त्यांना बोलावून आणले. त्यांनी कोपऱ्यात उभे राहून दोरीच्या रोखाने बराच वेळ पाहिले, मग वरच्या शेताकडे पाहिले, आणि म्हणाले, "आता ठीक. पर टोकाला दगड चांगलं रचा." त्याप्रमाणे टोकाशी दगडी पिचिंग केले. तो पूल आणि तो रस्ता दोन्ही आजही वापरात आहेत.

आपल्या गावच्या वाटेवर तिरका पूल असेल तर पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा त्याच्या चारी कोपऱ्यांना भेट द्या. पंखाचे टोक भरावाच्या पायथ्यापर्यंत पोचते का, की माती त्याच्या टोकाला वळसा घालून खाली ओघळते आहे, एवढे पाहा. ओघळ दिसली तर ग्रामपंचायतीत सांगा, बांधकाम खात्याला लेखी कळवा, आणि कोणता कोपरा, वरचा की खालचा, डावा की उजवा, हे त्यात स्पष्ट लिहा. मेमध्ये दोन ब्रास दगडात होणारे काम ऑगस्टमध्ये पुलाच्या किमतीला जाते.